मोहरीएवढी बाहुली

नीलाला तिचा नवरा 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा. दिवसच तसे होते. दिल्लीत सरकारं येत होती, पडत होती, बातम्या लावल्या की तो शब्द कानावर पडायचाच. आणि इकडे फरीदाबादच्या एका सेक्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, नीला झोपायच्या आधी गॅसचं बटण बघायला पुन्हा पुन्हा उठायची. सुधन्वा रजईतूनच म्हणायचा, "काळजीवाहू सरकार, झोपा आता. देश सुरक्षित आहे."

एकदा तर तिने कमालच केली होती. जिन्यात गॅसचा वास आला म्हणून तिने सगळ्यांची दारं ठोठावली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना खाली अंगणात आणून उभं केलं, कोणाला दिव्याचं बटणसुद्धा दाबू दिलं नाही. शेवटी तो वास समोरच्या मल्होत्राबाईंनी मुरायला ठेवलेल्या मुळ्याच्या बरणीचा निघाला. तेव्हापासून तळमजल्यावरचे काका दिसले की विचारायचे, "नीलाजी, आज सब ठीक?" नीला हसायची. पण ते तिला लागलं होतं. आपल्या मनात भीती आली की ती आधी खोटीच धरायची, असं तिने ठरवून टाकलं. हळूहळू सवय झाली. छातीत धस्स झालं की ती स्वतःलाच सांगायची, मुळा असेल.

ती मूळची पुण्याची. कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली, वर्षभर तळेगावच्या एका फुलांच्या कंपनीत काम केलं, मग लग्न झालं आणि सुधन्वाच्या केंद्र सरकारच्या नोकरीमागोमाग ती फरीदाबादला आली. इथे कोण ओळखीचं? पण नोकरी मात्र चालत आली. परदेशाशी व्यापार खुला झाला होता, आणि ज्याच्या हातात थोडी जमीन आणि थोडा पैसा होता त्याला निर्यातीची स्वप्नं पडत होती. मथुरा रोडवर ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारे बत्रासाहेब त्यातलेच. त्यांनी बल्लभगढच्या पुढे, गव्हाच्या शेतांच्या मधोमध प्लास्टिकची मोठमोठी घरं उभी केली आणि आत गुलाब लावले. रोपं हॉलंडची, ठिबकच्या नळ्या इस्राएलच्या, माणसं आसपासच्या खेड्यांतली. मुरलीधर नावाचा एक सुपरवायझर तळेगावहून आणला होता. पॉलीहाऊस त्याच्या ताब्यात. तोडलेली फुलं निवडायची, मोजायची, खोक्यात भरून विमानतळावर पाठवायची, हे काम नीलाकडे. पॅकिंगच्या शेडमध्ये ती एकटी बाई अधिकारी होती.

हाताखालच्या बायका गावांतल्या सुना होत्या. पहाटे म्हशींचं उरकून, ओढणीचा पदर नाकातोंडावर गुंडाळून त्या यायच्या. त्यांच्यातली ओमवती सगळ्यांत चलाख. दांडी कुठे कापायची ते तिला एकदाच सांगावं लागलं होतं. ती फारशी बोलायची नाही, पण नीलाच्या टेबलावर रोज आठवणीने चहाचा पेला झाकून ठेवायची.

जानेवारी संपत आला होता. चौदा फेब्रुवारीला युरोपात लाल गुलाबांची लूट असते, त्यामुळे वर्षाची सगळी कमाई त्या पंधरवड्यावर. नेमका त्याच वेळी तिसऱ्या पॉलीहाऊसमध्ये लाल कोळी पडला. पानांच्या मागे जाळी दिसायला लागली. एक जिवंत किडा खोक्यात सापडला तरी तिकडे सगळा माल जाळून टाकतात, म्हणून बत्रासाहेब रोज मुरलीधरवर खेकसत होते. थंडी मरणाची. धुकं इतकं की शेडमधून फाटक दिसेना.

त्या सकाळी बायकांनी तिसऱ्या घरातली फुलं तोडून बादल्या आणल्या, आणि थोड्या वेळाने ओमवती कोपऱ्यातल्या पिंपाला टेकून बसली. नीलाने आधी लक्ष दिलं नाही. मग पाहिलं तर तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाकी सगळ्या हात काखेत धरून कुडकुडत होत्या आणि हिला घाम.

"काय झालं ओमवती?"

"जी घबरावै सै, मैडम जी." तिने ओढणीत थुंकी पुसली. पुन्हा पुसली. तोंडात पाणी मावत नव्हतं. "बत्ती चली गई के?"

दिवे लागलेले होते. ट्यूब तिच्या डोक्यावरच होती.

नीलाच्या छातीत धस्स झालं. आणि सवयीने तिने स्वतःला सांगितलं, मुळा असेल. पोट बिघडलं असेल, थंडी बाधली असेल, दिवस गेले असतील. तेवढ्यात ओमवती ओकली. ओकताना पोट धरून दुमडली. मुरलीधर धावत आला, म्हणाला, "मॅडम, गारठा लागलाय. शेगडीजवळ बसवा, आल्याचा चहा द्या."

"तिसऱ्या घरात फवारा कधी मारला?" नीलाने विचारलं.

"काल संध्याकाळी."

"आणि रात्री पडदे?"

"बंद. धुक्यात उघडले तर कळ्या जातील की."

नीला तिसऱ्या घराच्या दारापर्यंत गेली. आत पाऊल टाकलं नाही. दारातून दिसत होतं ते पुरेसं होतं. रात्रभर बंद राहिलेल्या प्लास्टिकच्या छताला आतून घाम फुटला होता आणि थेंब टपटपत होते. पानं ओली, वाटा ओल्या. वास लसणासारखा, घशाला धरणारा. आपल्याकडे शेतकरी याला औषधच म्हणतात, 'औषध मारलं' म्हणतात. या औषधाखाली बायका दोन तास उभ्या होत्या. डोक्यावर, खांद्यावर थेंब झेलत होत्या. आणि धुरळ्यापासून वाचायला म्हणून नाकातोंडावर गुंडाळलेली ओढणी ओली झाली तरी त्यांनी ती काढली नव्हती. त्या तिच्यातूनच श्वास घेत होत्या.

ती पळतच परत आली. ओमवतीची हनुवटी धरून तिने चेहरा वर केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बुबुळांत बाहुली दिसेना. वाकून, अगदी जवळून पाहिलं तेव्हा दिसली. मोहरीच्या दाण्याएवढी, किंवा त्याहूनही लहान. कॉलेजात पीकसंरक्षणाच्या तासाला सरांनी सांगितलं होतं, घाबरलेल्या माणसालाही घाम येतो, मळमळतं, हातपाय कापतात. पण घाबरलेल्या माणसाची बाहुली मोठी होते. विषाने ती आवळते. त्या वेळी परीक्षेपुरतं पाठ केलेलं वाक्य आता तिच्यासमोर जमिनीवर बसलं होतं.

तरी तिला स्वतःवर भरवसा वाटेना. तिने शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हटलं, "इधर देखो." तिच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, शेडच्या अंधूक उजेडात असाव्यात तशा. ती पहिल्या पॉलीहाऊसमध्ये तोडणीला होती. मग नीलाने तिसऱ्या घरातून आलेल्या एकेकीला ट्यूबखाली उभं केलं. दोघींच्या बाहुल्या बारीक होत्या. एकीचं डोकं दुखत होतं, दुसरीला काहीच होत नव्हतं म्हणे, फक्त सकाळपासून डोळे चुरचुरत होते.

हा मुळा नव्हता.

"मुरलीधर, काय मारलंय?"

तो बादल्या सरळ करायला वळला.

"अहो, काय मारलंय? नेहमीचं कोळीनाशक नाही हे."

"साहेब म्हणाले, काहीही करा पण कोळी दिसता कामा नये..." त्याचा चेहरा उतरला होता. "कापसाचं आहे, मॅडम. माझ्या ओळखीच्या दुकानातून आणलं. नेहमीच्याने मरत नव्हते."

"डबा आणा. लेबलासकट. हातात धरू नका, पिशवीत घालून आणा."

तो हलेना. नीलाला त्याची भीती कळत होती, तिला स्वतःलाही तीच होती. पण ती ओरडली, आणि ती ओरडते हे त्या शेडमध्ये कोणी पहिल्यांदाच ऐकलं. मुरलीधर पळाला.

मग तिने सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं आणि दाराला खोक्यांची आडभिंत लावली. तिसऱ्या घरातल्या तिघींचे कपडे उतरवायचे, साबणाने अंग आणि केस धुवायचे. हे ऐकल्यावर बायकांमध्ये कालवा झाला. या थंडीत? न्यूमोनियाने मारणार का? एक म्हातारी म्हणाली, मीठपाणी पाजा, सगळं बाहेर पडेल. दुसरीने कुठूनसा दुधाचा लोटा आणला. नीलाने तो बाजूला ठेवला. "कुछ मत पिलाओ. मुँह में कुछ नहीं. ये पेट में नहीं, चमड़ी में है." चहाचं पातेलं, फुलांच्या बादल्या, जे मिळेल त्यात पाणी कोमट केलं. तिने दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मनगटाला रबरं लावली. ओमवतीच्या वेणीतून पांढरट पाणी निघत होतं. ते सरेना. नीला पुन्हा साबण लावायची, पुन्हा पाणी ओतायची. ओमवती थरथरत होती, पण ती थंडीची थरथर नव्हती. पोटरीवरची कातडी जागच्या जागी फडफडत होती, जणू आत काहीतरी वळवळतंय. श्वासाबरोबर छातीत खळखळ वाजत होती.

पॅकिंगच्या पांढऱ्या कोटांमध्ये आणि पोत्यांमध्ये तिघींना गुंडाळलं. ओले कपडे एका पिशवीत बांधून बाहेर ठेवले. विमानतळाचा माल भरलेला टेम्पो फाटकाशी उभा होता. नीलाने खोकी उतरवायला सांगितली.

रतन ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, माल? फ्लाइट छूट जाएगी."

"छूटने दो."

ऑफिसातला फोन वाजत होता. बत्रासाहेब. कोणीतरी आधीच कळवलं होतं. ते चिडलेले नव्हते, उलट समजुतीने बोलत होते, आणि त्यानेच नीलाला जास्त भीती वाटली. "नीलाजी, आप बहुत जल्दी घबरा जाती हैं. इधर अपने डॉक्टर को बुला लेते हैं, ग्लूकोज़ लगा देगा. बड़े हॉस्पिटल गए तो पुलिस केस बनेगा."

आप बहुत जल्दी घबरा जाती हैं. हे तर तिला जन्मभर सगळेच सांगत आले होते. मग ती म्हणाली, "सर, उसकी छाती में पानी बज रहा है," आणि फोन ठेवला.

ओमवतीला टेम्पोत कुशीवर निजवलं, म्हणजे तोंडातलं पाणी श्वासात जाणार नाही. मागची ताडपत्री वर बांधून ठेवली. थंडगार वारा आत येत होता, पण नीलाला तो हवा होता. मथुरा रोडवर धुक्यात ट्रकमागे ट्रक. रतन हॉर्नवरचा हात काढत नव्हता. बाकीच्या दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि नीला आलटून पालटून तिघींच्या डोळ्यांत बघत होती. मध्येच तिच्या लक्षात आलं, समोरचं सगळं डाव्या बाजूने अंधूक दिसतंय. धुकं असेल. तिने उजवा डोळा झाकला. अंधार वाढला. डावा झाकला, तर टेम्पोची चौकट स्वच्छ. ती रांगत पुढच्या खिडकीशी गेली आणि रतनच्या बाजूच्या आरशात पाहिलं. उजवी बाहुली मोठी, डावी टिंबाएवढी. ओमवतीचे केस धुताना घामाने डोळा चुरचुरला म्हणून तिने मनगटाने तो चोळला होता. रबराच्या वरचं मनगट उघडंच होतं.

आता छातीतली धडधड भीतीची की विषाची? मळमळ कसली? जीभ ओली झाली की तिला वाटे, आलं. तिने बाटलीतल्या पाण्याने डोळा धुतला, पुन्हा धुतला, आणि मनाशी ठरवलं की आपल्याकडे बघायचं नाही. जमलं नाही ते. दर थोड्या वेळाने ती आरशाकडे बघतच होती.

वाटेत हायवेवरच्या एका नर्सिंग होममध्ये थांबले. तिथल्या डॉक्टरने ओमवतीला पाहिलं, डबा पाहिला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "घर में झगड़ा हुआ था? पी लिया ना?"

त्या भागात सुनेच्या पोटात हे औषध गेलं की त्याचा दुसरा अर्थच नसायचा. पोत्यात गुंडाळलेल्या ओमवतीने डोळे मिटले होते, पण तिने ऐकलं. तिचा हात नीलाच्या कोटाच्या बाहीवर येऊन घट्ट बसला.

"पिया नहीं है. काम पर गिरा है ऊपर. मैं साथ थी," नीला म्हणाली. "ॲट्रोपिन है आपके पास?"

होतं. थोडंसंच होतं. विषावरचा उतारा म्हणून त्याने होतं तेवढं टोचलं आणि म्हणाला, यापुढे माझ्याकडे काही नाही, दिल्लीला न्या. तेवढ्याने छातीतली खळखळ जरा कमी झाली, आणि दिल्लीच्या हद्दीवरच्या बदरपूर चौकीच्या रांगेत टेम्पो अडकला तेव्हा नीलाला त्याच इंजेक्शनाचा आधार होता. ते किती वेळ पुरेल हे तिला माहीत नव्हतं. ती ओमवतीच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत बसली आणि चुकत राहिली.

दिल्लीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात एका तरुण डॉक्टरने डब्यावरचं नाव वाचलं आणि पुढे कोणाला काही विचारलं नाही. सुयांमागून सुया. औषध देऊन तो छातीला नळी लावायचा, डोळ्यांत विजेरी टाकायचा, मान हलवायचा, पुन्हा द्यायचा. दुपारनंतर ओमवतीची बाहुली उमलली आणि तोंड कोरडं पडलं. पण त्याच इंजेक्शनांनी तिला भ्रम झाला. कोणी ओळखू येईना. ती डोळे सताड उघडून हवेत हात फिरवायची. डाव्या हाताने काहीतरी धरायची, उजव्याने कापायची आणि अदृश्य बादलीत ठेवायची. "लंबी डंडी... लंबी डंडी..." नर्सने तिचे हात पट्टीने खाटेला सैल बांधले. तिचा नवरा रणबीर येऊन पायाशी उभा होता. तो ते हात बघत होता.

नीलालाही एका नर्सने न्हाणीघरात पाठवून अंघोळ करायला लावली आणि तिचे कपडे पिशवीत बांधले. सुधन्वा घरून कपडे घेऊन आला. स्वेटर, सलवार-कमीज, मोजे आणि घाईघाईत त्याचा स्वतःचा मफलर. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाहिलं. एक बाहुली छोटी, एक मोठी.

"अगं, हे काय?"

"काही नाही. जाईल म्हणाले. थेंबभरच लागलंय." आणि मग ती रडायला लागली. "मी आधी विचारलं नाही रे. घाम दिसला तरी मी स्वतःला समजावत बसले, की काही नसेल."

सुधन्वाने मफलर तिच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि तिच्याशेजारी बाकावर बसला.

बाकीच्या दोघी दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. ओमवतीही सुधारत गेली. भ्रम उतरला, माणसं ओळखायला लागली, चहा मागितला. वॉर्डात खाटांची मारामार होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नीला पोचली तेव्हा रणबीर सामान बांधायच्या तयारीत होता. सकाळी घरी सोडणार होते. सगळ्यांचे चेहरे सैल झाले होते. नीलालाही हलकं वाटलं. तिने पिशवीतून फणी काढली.

"चल, बाल बना दूँ. घर ऐसे जाएगी क्या?"

ओमवती हसली. पण हसू अर्ध्यावर थांबलं, पापण्या नीट वर गेल्या नाहीत. नीलाने उशीखालून केस ओढायला तिला डोकं उचलायला सांगितलं. डोकं उचललं गेलं नाही. ओमवतीने पुन्हा जोर लावला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोकं तिथेच. नीलाने हाताने आधार देऊन वर उचललं, तर ते पाळण्यातल्या बाळासारखं मागे कलंडलं.

"थकान है," रणबीर म्हणाला. नर्सही तेच म्हणाली.

असेल. तीन दिवस अंथरुणावर पडलेला माणूस थकणारच. नीला फणी हातात धरून उभी राहिली. घाम नव्हता, लाळ नव्हती, बाहुल्या ठीक. या वेळी तर तिच्याजवळ कॉलेजातलं एखादं वाक्यही नव्हतं. सगळे सुटकेचा श्वास टाकत असताना पुन्हा दारं ठोठावायची? त्या तरुण डॉक्टरची पाळी संपली होती, तो बॅग खांद्याला लावून जिन्याकडे निघाला होता.

ती त्याच्यामागे धावली.

"मैडम, वो ठीक है अब. आप भी आराम कीजिए."

"उसकी गर्दन नहीं उठ रही."

तो एक पायरी उतरला होता. तिथेच थांबला. वळला, आणि मग तो चालत आला नाही, धावतच आला. त्याने ओमवतीला एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले. चारच्या पुढे ती गेली नाही. आवाज नाकातून येत होता. त्याने बॅग जमिनीवर टाकली आणि ओरडून माणसं बोलावली. खाट ढकलत नेताना तो नीलाला म्हणाला की असं होतं कधीकधी, विष उतरलंय असं वाटतं आणि मग श्वासाचे स्नायूच ढिले पडतात. घरी नेली असती तर झोपेतच गेली असती.

त्यानंतर बरेच दिवस ओमवती यंत्राच्या श्वासावर होती. घशात नळी, बोलता येत नव्हतं. नीला रोज जायची. काचेच्या दाराबाहेर उभी राहून छातीचं वरखाली होणं बघायची, ते यंत्राचं आहे हे माहीत असूनही. घरी आली की सुधन्वाचा श्वास ऐकत जागी राहायची. तो आता काही चेष्टा करत नसे, मुकाट्याने तिचा हात आपल्या छातीवर ठेवून घ्यायचा. एका दुपारी यंत्र थोडा वेळ बंद करून पाहिलं, मग जास्त वेळ, मग नळी काढली. ओमवतीने पहिला शब्द उच्चारला तो कोणालाच कळला नाही, इतका घोगरा होता. रणबीरला कळला. तिने म्हैस व्याली का असं विचारलं होतं.

पोलीस आले, जबाब झाले. त्याआधी बत्रासाहेबांनी नीलाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की बायका मनाई असताना आत शिरल्या असं म्हणायचं. "मनाई थी ही नहीं, सर," ती म्हणाली, आणि जबाबातही तेच म्हणाली. सही वाकडी आली. प्रकरण पुढे रेंगाळलं आणि कुठेतरी विरलं. मुरलीधर एक दिवस न सांगता तळेगावला निघून गेला. नीलाला वाटलं होतं आपली नोकरी जाणार, पण हंगामात निवड करणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने एक केलं. फवारा मारलेल्या घराच्या दाराला लाल दोरी बांधून कुलूप घालायची आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची. पडदे उघडून घर सुकल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. साहेब ओरडले तरी नाही. बायका सुरुवातीला तिला हसायच्या, मग त्याच दुसऱ्यांना अडवायला लागल्या.

फाल्गुनात ती ओमवतीला भेटायला तिच्या गावी गेली. घर गावाच्या टोकाला, मागे लागूनच शेत. ओमवती वाळली होती, पण चालत होती. तिने खाट टाकली, ताक आणलं. आवाजाला अजून खरखर होती. कामावर परत येणार का, हे नीलाने विचारलं नाही. तीच म्हणाली, बघू, डब्बे भरायचं काम असेल तर.

ताकाचा पेला ओठांशी असतानाच नीलाला तो वास आला. परसात ओमवतीचा सासरा उकिडवा बसला होता. समोर बादली, पाणी पांढरं झालेलं, पाठीवर अडकवायचा पंप शेजारी. आणि तो बादलीतलं पाणी कोपरापर्यंत हात घालून ढवळत होता. भेंडीवर मारायचं असेल.

नीलाच्या छातीत धस्स झालं. पेला खाली ठेवायला ती जागा शोधत होती, तोवर ओमवती उठली होती. सून म्हणून घरात आल्यापासून ती कधी सासऱ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती, ते तिथे चालतच नाही. घुंगट तसाच, पण त्या फाटक्या आवाजात ती ओरडली, "बाबूजी! हाथ काढो! हाथ काढो बाहर!"

म्हातारा इतका दचकला की त्याने हात बाहेर काढला आणि तसाच हवेत धरून बसला. ओमवतीने त्याला दंडाला धरून उठवलं आणि हातपंपाकडे नेलं. नीला पुढे पळत जाऊन पंपाचा दांडा हाणायला लागली. पाणी यायला वेळ लागला. आलं तेव्हा ओमवती त्याचा हात धारेखाली धरून घासत होती, आणि तो सुनेच्या झाकलेल्या तोंडाकडे आश्चर्याने बघत उभा होता.